जिन्याखालचे चौदा चौरस फूट

रविवार, ७ जानेवारी २०२४, सकाळी साडेदहा. मंजूर रक्कम अठरा हजार पाचशे रुपये. हजर: कमिटीच्या सातपैकी पाच जण, म्हणजे चेअरमन, सेक्रेटरी, दोन सभासद आणि खजिनदार या नात्याने मी. शिवाय शिवणकामवाल्या मावशी. त्यांचं नाव हजेरीत नाही, कारण त्या सोसायटीच्या सभासद नाहीत. त्यांना खुर्ची दिली होती, पण त्या दाराशी उभ्याच राहिल्या.

आमची सोसायटी मुलुंडला, पश्चिमेकडे. सात मजले, मजल्यावर आठ, एकूण छप्पन्न फ्लॅट. तळमजल्यावर लिफ्टच्या समोर जिना वर चढतो आणि त्याच्या पोटात एक तिरकी जागा उरते. चार फूट बाय साडेतीन फूट. तिथे मावशी एकोणीस वर्षं पायमशीन घेऊन बसत होत्या. सुरुवातीला साड्यांना फॉल लावायच्या, पिको करून आणून द्यायच्या. साड्या कमी झाल्या तशा त्या कुर्त्यांच्या बाजू आत घेऊ लागल्या, जीन्सची उंची कमी करू लागल्या, बॅगांच्या चेन बदलू लागल्या. राहायला नाहूरला भाड्याची खोली. नवरा टेम्पो चालवायचा, तो आजारपणामुळे दोन वर्षं घरीच. म्हणजे दोघांचं खाणं, खोलीचं भाडं आणि औषधं या एका मशीनवर.

सभेचं कारण असं की आगीच्या तपासणीसाठी आलेल्या माणसाने लिहून दिलं होतं, जिन्याखाली काहीही ठेवायचं नाही. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. आग लागली तर छप्पन्न घरांना तोच जिना. मग मावशींचं काय करायचं? तोडगा मीच सुचवला. इमारतीच्या मागच्या बाजूला कॅरमची खोली आहे. कॅरम खेळणारी मुलं मोठी होऊन निघून गेली, खोली बंद पडली. ती साफ करून, रंग, पंखा, ट्यूबलाइट आणि नवं दार बसवून मावशींना द्यायची. माप मी आदल्या दिवशीच घेतलं होतं: एकशे दहा चौरस फूट. चौदाच्या जागी एकशे दहा. सगळ्यांनी हात वर केले.

मावशी म्हणाल्या, "एवढं मोठं काय करू मी भाऊ? आणि तिथे मागे येणार कोण?"

सेक्रेटरी हसून म्हणाला, "अहो मावशी, काम असेल तो येईल. काम काय जागेला चिकटलेलं असतं का?"

हे वाक्य त्या वेळी मलाही अगदी बरोबर वाटलं होतं.

जानेवारीच्या शेवटी खोली तयार झाली. खरंच झकास झाली. मावशींनी मशीनला हळदकुंकू लावलं, आम्हाला एकेक पेढा दिला. माझ्या मनात त्या विषयाची फाइल बंद झाली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

"महिनाअखेर सोडते भाऊ. मशीन विकून टाकीन. आम्ही दोघं गावाला जातो. दीर आहे तिथे. ठेवून घेईल असं म्हणतो."

"असं म्हणतो म्हणजे?"

"म्हणजे फोनवर तरी म्हणाला. जावेचा आवाज नाय आला मागून."

माझी बायको म्हणाली, "मावशी, एवढी चांगली खोली दिली हो तुम्हाला."

"खोली चांगलीच आहे गो. बसून बसून पाठ करून टाकली. पंख्याला किती पाती, कोपऱ्यात किती मुंग्या, विचार मला."

मी काम किती कमी झालं ते विचारलं. त्यांनी पिशवीतून चोपडी काढून दिली. कपडा कोणाचा, काय करायचं, कधी द्यायचं, हे त्या रोज लिहून ठेवतात. मी ती रात्रभरासाठी मागून घेतली आणि मोजली. डिसेंबरमध्ये एकशे त्रेसष्ट कपडे. फेब्रुवारीत एक्केचाळीस.

मला पहिला प्रश्न पडला तो असा की उरलेले एकशे बावीस कपडे गेले कुठे? छप्पन्न घरांतली माणसं दोन महिन्यांत बारीक किंवा जाड झाली नव्हती. बाजारातल्या दुकानात जात असतील असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल त्याला विचारायला लागलो. एकानेही दुसरीकडे कपडा दिलेला नव्हता. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "पॅन्ट आहे ना, पिशवीत घालून दाराला अडकवून ठेवली आहे. मागे जायचं राहूनच जातं." सहाव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "कुर्ता मोठा होतोय खरा, पण चालवून घेते." माझ्या स्वतःच्या घरात बायकोने कपाटातून तीन कपडे काढून दाखवले.

म्हणजे कपडे होते, पण काम नव्हतं. काम ही वस्तू असते आणि माणूस ती घेऊन कारागिराकडे जातो, अशी माझी समजूत होती. इथे उलटं दिसत होतं. मावशी डोळ्यांसमोर असल्या तरच कपड्याचं काम होत होतं. त्या दिसेनाशा झाल्या की तोच कपडा नुसता कपडा उरत होता.

हे मी जेवताना मुलीला सांगितलं. ती जीवशास्त्रात एमएस्सी करते आहे. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "बाबा, तुम्ही कमिटीवाल्यांनी मावशींना हॅबिटॅट दिलंत, म्हणजे राहायची जागा, आणि निश काढून घेतलंत."

आमच्या विम्याच्या ऑफिसात हा शब्द येतो. तिथे निश म्हणजे बाजारातला एखादा छोटा कोपरा, जिथे बाकीच्या कंपन्या जात नाहीत. मी तिला तसं म्हणालो.

"तुमच्याकडे तो शब्द आमच्याकडूनच गेला असेल. आणि कोपरा नाही रे. जागा हा त्याचा एक भाग झाला. तो प्राणी काय खातो, किती वाजता खातो, कोणाच्या नंतर येतो, कोणाला टाळतो, त्याच्यामुळे कोणाचं भागतं, हे सगळं मिळून निश. खिडकीतून ते झाड बघ."

खिडकीसमोर सोसायटीचा जुना गुलमोहर आहे. त्याची एक जाड वाळकी फांदी आम्ही गेल्या वर्षी पावसाआधी कापून घेतली होती. खर्च माझ्याच सहीने झाला होता.

"त्या फांदीत तांबट पक्षी भोक पाडून राहायचा," ती म्हणाली. "त्याला मेलेलं लाकूड लागतं, जिवंत फांदी त्याला कोरता येत नाही. तुम्ही झाड ठेवलंत, फांदी काढलीत. आता हिरवंगार झाड आहे, पण तांबट नाही. पुढे एक गंमत आहे. तांबटाने सोडलेल्या जुन्या भोकात दुसरे पक्षी घर करतात, तेही आले नाहीत."

"मग तिथे लाकडी खोकं टांगलं होतं ना मुलांनी?"

"टांगलं होतं. रिकामं आहे. तांबट तयार घर घेत नाही, त्याला कोरायलाच लागतं. खोकं छान आहे, अगदी तुमच्या कॅरमच्या खोलीसारखं."

बायको हसली. मला हसू आलं नाही, पण उत्सुकता वाढली. मला ऑफिसमधला एक सहकारी आठवला. मढच्या मच्छीमार बोटींचे सगळे क्लेम तोच बघायचा. आम्हाला वाटायचं त्याला बोटींतलं फार कळतं. प्रत्यक्षात, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासातून चालत जाऊन फुटलेलं लाकूड टेपने मोजायची बाकी कोणाची तयारी नव्हती. बावीस वर्षं त्याच्या खुर्चीवर कोणी डोळा ठेवला नाही. मुलीच्या हिशेबाने तो त्या वासावर जगत होता. तिला हे फार आवडलं. म्हणाली, "वास हे त्याचं कुंपण."

"मग मावशींचं वाळकं लाकूड कोणतं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मोजावं लागेल. मोजणं तुझं खातं."

मग आम्ही दोघांनी सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ, लिफ्टसमोरच्या बाकावर बसून मोजायचं ठरवलं. सेक्रेटरीने पहिल्याच दिवशी टोमणा मारला, "काय रे, बायकोने घराबाहेर काढलं का? आणि पोरीला पण?" मी म्हणालो, लिफ्टच्या वेळा घेतोय. हे खरंच होतं.

दोन लिफ्टपैकी एक बहुतेक वेळा वरच अडकलेली असते. त्या वेळात माणूस लिफ्टसाठी सरासरी एक मिनिट चाळीस सेकंद उभा राहतो. सहा दिवसांत तीनशे अकरा माणसांची नोंद झाली. बहुतेक जण फोन बघत होते. पण त्यांतल्या अठ्ठेचाळीस जणांनी मान वळवून जिन्याखाली बघितलं. तिथे आता नुसती रंगवलेली भिंत आहे. एक बाई तर सवयीने दोन पावलं तिकडे गेल्या आणि परत आल्या. मुलीने वहीत त्यांच्यापुढे फुली मारून लिहिलं, "रिकाम्या फांदीवर आली."

शनिवारपर्यंत आमच्या लक्षात आलं ते असं. मावशी शिवणकामावर जगत होत्या हे खरं, पण त्या शिवणकामाचं मूळ त्या एक मिनिट चाळीस सेकंदांत होतं. माणूस घरी परततोय, हात रिकामे आहेत, कुठे जायची घाई नाही, करण्यासारखं काही नाही आणि समोर सुई चालते आहे. अशा वेळी त्याला आठवतं की आपल्या पॅन्टची शिवण उसवली आहे. तो वर जातो आणि मुलाकडून ती खाली पाठवतो. मागच्या खोलीकडे जायला फक्त पस्तीस पावलं पडतात, मी चालून बघितली. पण ती पस्तीस पावलं मुद्दाम टाकावी लागतात, आणि एका उसवलेल्या शिवणीसाठी आमच्या इमारतीत कोणी मुद्दाम पस्तीस पावलं टाकत नाही.

रविवारी मी मागच्या खोलीत गेलो आणि हे सगळं मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्यासाठी सहा दिवस बसलात? मला विचारलं असतं तर चहा पिता पिता सांगितलं असतं."

"मग सांगितलं का नाही तेव्हा?"

"सांगितलं ना. कोण येणार म्हणून विचारलं. तुमचे सेक्रेटरी हसले."

मी म्हणालो की जिन्याखाली परत बसता येणार नाही. त्या म्हणाल्या, "नकोच. आगीचं मला पण कळतं. पण जिथे माणूस थांबतो तिथे बसवा. जिथे माणूस चालत असतो तिथे नको."

आता प्रश्न सोपा झाला. आमच्या आवारात माणूस कुठे थांबतो? मुलीने आणि मी पुन्हा फिरून बघितलं. पार्किंगमध्ये कोणी थांबत नाही. बागेत आजोबा थांबतात, पण त्यांचे कपडे त्यांच्या सुना देतात. उरलं गेट. जानेवारीपासूनच नवा नियम झाला होता की कुरिअरवाल्यांना वर सोडायचं नाही, पार्सल गेटवर ठेवायची. वॉचमनच्या केबिनला लागून पत्र्याची शेड आहे, तिथे तीन कप्प्यांचा लोखंडी रॅक ठेवला आहे. संध्याकाळी तिथे माणसं घोळक्याने थांबतात, आपलं पार्सल शोधतात, आणि निम्मी माणसं तिथेच उघडून बघतात. मुलगी माझा हात धरून म्हणाली, "बाबा, त्या बाईंना बघ." त्या बाई ड्रेस अंगाला लावून बघत होत्या. खांदे दोन बोटं मोठे होते.

शेडमध्ये रॅकशेजारी पाच फूट बाय चार फूट जागा मोकळी होती. गाड्यांच्या रस्त्यापासून सहा फूट आत. आगीचा बंब वळायला अडचण नाही, हेही मी मोजलं.

अडचण निघाली ती वॉचमनची. तो बारा वर्षं आमच्याकडे आहे आणि मावशी मागे गेल्यापासून त्यांच्याकडच्या काही गोष्टी त्याच्याकडे आल्या होत्या. पूर्वी लोक घराची जादा किल्ली मावशींकडे ठेवायचे, ती आता तो ठेवत होता. पार्सलं तर त्याचीच होती. त्यापोटी कोणी वीस देतं, कोणी पन्नास. त्याने मला स्पष्टच सांगितलं, "साहेब, मावशी इथे बसल्या की सगळे त्यांनाच विचारणार. मग मी नुसता गेट उघडायला का?"

मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच होतं. एकाच अन्नावर, एकाच वेळी, एकाच जागी दोघं फार काळ टिकत नाहीत. एक जातो, नाहीतर दोघं वाटून घेतात. झाड एकच असतं. एक पक्षी शेंड्याला खातो, दुसरा बुंध्याला.

मावशींना हे कोणी शिकवलेलं नव्हतं. त्या स्वतः गेटवर आल्या. वॉचमनही सावंतवाडीकडचा, त्यांच्याच बाजूचा. त्या त्याला म्हणाल्या, "तुजां रजिस्टर तुका, किल्ल्येव तुका. माजां कापड माका. पार्सल कोणी माझ्या हातात दिला तर मी तुज्याकडे बोट दाखवीन. चलात?"

तो म्हणाला, "आणि मी चहाला गेलो तर?"

"तर गेट बघीन. पण सलाम नाय मारूची कोणाक."

तो हसला. मिटलं.

कमिटीत मात्र मिटायला वेळ लागला. सभा रविवारी, २४ मार्चला झाली. सेक्रेटरी चिडला होता. "यार, अठरा हजार पाचशे घातले. पंखा दिला, दार दिलं. आता म्हणतोस गेटवर पत्र्याखाली बसव? लोक काय म्हणतील, म्हातारीला सोसायटीने बाहेर काढलं. आणि तूच सुचवली होतीस ना ती खोली?"

मी म्हणालो, "मीच. चूक माझी. मी जागा मोजली, माणसं मोजली नाहीत." आणि वही पुढे ठेवली.

चेअरमन वयाने सगळ्यांत मोठे. त्यांनी वही शेवटपर्यंत चाळली, मग विचारलं, "ही रिकाम्या फांदीवर आली म्हणजे काय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "त्या आमच्या मंडळी." बाकीचे बराच वेळ हसत होते. मग ते म्हणाले की एक महिना बसवून बघू, चाललं तर कायम. आणि कॅरमच्या खोलीत सोसायटीचं दप्तर ठेवा, ते आतापर्यंत सेक्रेटरीच्या पलंगाखाली आहे. यावर सेक्रेटरीनेही हात वर केला.

भाड्याचा मुद्दा निघाला. मावशी याही सभेला दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, वीज वापरीन तेवढे पैसे देईन. चेअरमन घाबरले. पावती फाडली तर उद्या हक्क लागेल, ही मुंबईतल्या प्रत्येक कमिटीची भीती. एकही पैसा घ्यायचा नाही, असं ठरलं.

"मग पूर्वीसारखं कमिटीवाल्यांचं काम फुकट करीन," मावशी म्हणाल्या.

मला हे माहीत नव्हतं. मी सात वर्षं खजिनदार होतो आणि समजत होतो की पैसे बायको देते. बायको समजत होती की मी देतो. सेक्रेटरीच्या घरीही तेच. चेअरमननी लिहून घ्यायला सांगितलं की यापुढे कमिटीतल्या कोणाचंही काम फुकट होणार नाही. हजर पाचपैकी पाचांचे हात वर.

एक एप्रिलला मशीन गेटवर गेलं. महिन्याभराने मी पुन्हा चोपडी मागितली. एप्रिलचे शहाण्णव कपडे. मेअखेर पुन्हा बघितली, तेव्हा एकशे बारा. एकशे त्रेसष्ट काही झाले नाहीत. पुरुषांच्या पॅन्ट कमी आल्या, कारण पुरुष गेटवर गाडीतून येतात आणि थांबत नाहीत. उलट शेजारच्या इमारतीतल्या बायका येऊ लागल्या, त्या पूर्वी कधीच आल्या नव्हत्या. निम्म्याहून जास्त काम पार्सलमधून निघालेल्या नव्या कपड्यांचं. मुलीला विचारलं, हे जुनंच निश की नवं? ती म्हणाली, अजून सांगता येत नाही, एक पावसाळा जाऊ दे. दिराला त्यांनी फोन केला तेव्हा मी तिथेच होतो. म्हणाल्या, "आता नाय येत. गणपतीत येऊ, चार दिवस." आणि मशीनचं गिऱ्हाईक आलं तर त्याला विकायचं नाही म्हणून सांग, असं वॉचमनला बजावलं.

शेवटी दिले गेले ते पैसे असे. शेडमध्ये दिवा आणि प्लगचा पॉइंट काढण्याचे तेराशे पन्नास रुपये इलेक्ट्रिशियनला, सोसायटीच्या चेकने. आणि १ जूनला, माझ्या दोन पॅन्ट आणि बायकोचे तीन कुर्ते मिळून तीनशे दहा रुपये मावशींना, रोख. त्यांनी दहा परत करायला हात पुढे केला, मी घेतले नाहीत, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग चोपडीत तीनशे दहाच लिहिते." आणि लिहिले.